बघतो मोजकी चॅनेल्स, मग बिल कशाचं?

अमेरिकेत टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने मे 2014 मध्ये एक आकडेवारी जाहीर केली. 2008 साली तिथल्या सरासरी घरात 129 चॅनेल्स येत होती आणि त्यांतली 17 बघितली जात होती. 2013 पर्यंत येणारी चॅनेल्स 189 झाली. बघितली जाणारी? तीही 17च. अगदी दशांशात जायचं तर 17.3 ची 17.5 झाली. पाच वर्षांत साठ नवी चॅनेल्स घरात शिरली आणि बघण्याची यादी मात्र होती तेवढीच राहिली.

आपल्याकडचा असाच एक आकडा 2019 चा आहे, आणि तो एका वादातून बाहेर आला. त्या फेब्रुवारीत चॅनेल निवडून पैसे भरायची नवी पद्धत देशभर लागू झाली होती. क्रिसिल या पतमापन संस्थेने लगेच अहवाल काढला, की यामुळे बऱ्याच घरांचं बिल वाढेल. ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, यावर चिडलं. त्यांचं उत्तर असं, की बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या आकड्यांनुसार देशातले 80 टक्के ग्राहक 40 किंवा त्याहून कमी चॅनेल्स बघतात किंवा नुसती चाळतात. त्या काळात देशात परवाना असलेली खासगी चॅनेल्स 900 च्या घरात होती.

ट्रायचा हिशेब सरळ होता. बघता चाळीस, तर घ्या चाळीस, बिल आपोआप उतरेल. कागदावर त्यात चूक काढायला जागा नाही. व्यवहारात तो का फसला हे समजून घ्यायचं तर आधी या चाळिसाच्या आकड्यात काय काय भरलंय ते बघायला हवं.

बार्क 2015 पासून आपल्याकडे आकडे देते. चॅनेलच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरांत टीव्हीजवळ एक मीटर बसवतात, ते ही खूण ओळखतं आणि कोणतं चॅनेल किती वाजता चालू होतं ते नोंदवतं. घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण दिलेलं असतं. आजी टीव्हीसमोर बसली की तिने तिचं बटण दाबायचं, उठली की परत दाबायचं. (आमटी उतू जात असताना कोणती आजी बटण दाबून मग स्वयंपाकघरात पळत असेल, देव जाणे.) अशी घरं देशभरात पन्नास हजारांहून थोडी जास्त आहेत आणि ती कोणती हे गुप्त ठेवलं जातं. तेवढ्यांवरून वीस कोटींहून अधिक टीव्हीघरांचा अंदाज बांधला जातो.

आता जाहिरात लागली म्हणून रिमोटने पुढे पुढे जात राहिलात, तर वाटेत लागलेली चॅनेल्सही त्या चाळिसात येतात. म्हणजे चाळीस हा तसा उदार आकडा आहे. शिवाय तो घराचा आहे, एका माणसाचा नाही. सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या तीन पिढ्यांच्या घरात डोकावा. सकाळी आजोबांचं भक्तीचं चॅनेल, मग बातम्यांची दोन, दुपारी जुना सिनेमा, सातपासून दहापर्यंत मालिकांची दोन-तीन मराठी चॅनेल्स, मध्ये जाहिराती लागल्या की तिसरीकडे उडी, नातवंडांचं कार्टून, कुणाचं तरी क्रिकेट. एकेकाची यादी पाच-सहाच्या पुढे जात नाही, पण सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या की वीस-पंचवीस सहज होतात. एकटी राहणारी निवृत्त बाई आणि हे घर, दोघांना बिल मात्र जवळपास सारखंच.

याद्या ऋतूनुसारही हलतात. मतमोजणीच्या दिवशी जो बातम्यांची सहा चॅनेल्स उलटीपालटी करतो, तो एरवी महिनाभर एकही लावत नाही. आषाढी वारी, अनंत चतुर्दशीची मिरवणूक, आयपीएल, अर्थसंकल्प हे सगळं त्यातच आलं. त्यामुळे ‘हे चॅनेल मी बघत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ बऱ्याचदा ‘या महिन्यात बघितलं नाही’ एवढाच असतो.

तरी मूळ कोडं राहतंच. समोर दोनशे असताना माणूस थोडक्यांतच का फिरत राहतो? अमेरिकेत केबल पसरत होती तेव्हा, 1980 च्या दशकात, कॅरी हीटर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे बारकाईने पाहिलं. माणूस प्रत्येक वेळी सगळी यादी तपासत नाही. त्याच्या डोक्यात ओळखीच्या चॅनेल्सचा एक छोटा संच असतो, त्यात काही सापडलं तर तो तिथेच थांबतो. कार्यक्रम शोधणं हे काम आहे, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला काम नको असतं. आपल्याकडे तर अनेकांना चॅनेलचं नावही लागत नाही, नंबर पाठ असतो. केबलवाल्याने नंबर बदलले की घरातल्या म्हाताऱ्यांची दोन दिवस जी चिडचिड होते, ती याच सवयीची.

त्याच दशकात पॅट्रिक बारवाइज आणि अँड्र्यू एहरनबर्ग या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपला समज असा असतो, की छोट्या चॅनेलला प्रेक्षक थोडे असले तरी ते कट्टर असतील. तसं सहसा नसतं. छोट्या चॅनेलला प्रेक्षक कमी असतात, आणि जे असतात तेही त्याला कमीच वेळ देतात. तेही बहुतेक वेळ मोठ्या चॅनेलवरच असतात. याला अपवाद मुख्यतः दोन प्रकारचे, धार्मिक चॅनेल्स आणि दुसऱ्या भाषेतली चॅनेल्स. त्यांचे प्रेक्षक मूठभर असतात, पण तासन् तास बघतात. इंदूर किंवा बडोद्यातल्या मराठी घराला हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या दहा घरांत जे मराठी चॅनेल कुणी लावतही नाही, ते त्या घरात संध्याकाळभर चालू असतं. सोलापुरातल्या कानडी घरातही हेच. तेव्हा ‘कुणी न बघणारी’ चॅनेल्स काढून टाका म्हणताना ‘कुणी’ म्हणजे नक्की कोण, हे विचारायला हवं.

आता बिलाकडे येऊ. आधीच्या पद्धतीत केबलवाला एक ठोक आकडा सांगायचा आणि तो द्यायचा, एवढंच. निवडीचा पहिला प्रयोग चेन्नईत 2003 मध्ये झाला, मग 2006 च्या शेवटी मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत. तेव्हा फुकट चॅनेल्सचा संच 77 रुपयांना आणि वर प्रत्येक पे चॅनेल 5 रुपयांना, असे दर होते. आज ते वाचताना डोळे पाणावतात. पुढे 2012 पासून टप्प्याटप्प्याने सगळीकडे सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि कोणत्या घरात कोणतं चॅनेल जातं हे प्रथमच नेमकं कळू लागलं. त्याच्या जोरावर ट्रायने मार्च 2017 मध्ये नवा दर आदेश काढला. तो कोर्टकचेऱ्यांत अडकला, ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायच्या बाजूने निकाल दिला आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून तो लागू झाला.

या आदेशाने बिलाचे दोन भाग केले. एक, वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं भाडं, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी किंवा नुसतं एनसीएफ म्हणतात. पहिल्या शंभर चॅनेल्सना ते जास्तीत जास्त 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. दुसरा भाग, तुम्ही निवडलेल्या पे चॅनेल्सची किंमत.

त्या वेळचे जाहीर दर घेऊन एक बिल करून बघू. समजा एका घराने चारच पे चॅनेल्स निवडली. झी मराठी 19 रुपये, कलर्स मराठी 10, स्टार प्रवाह 9, सोनी मराठी 4. चौघांचे मिळून 42. त्यात एनसीएफचे 130 मिळवले की 172, आणि करासकट झाले 202 रुपये 96 पैसे. यातले 153 रुपये 40 पैसे नुसते एनसीएफचे. म्हणजे बिलाचा तीन चतुर्थांश भाग चॅनेल्सचा नाहीच, तो येणाऱ्या वायरीचा आहे. ही चारही चॅनेल्स काढून टाकली आणि फक्त फुकट चॅनेल्स ठेवली, तरी 153 रुपये कुठे गेले नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स फ्लॅटला कुलूप असलं तरी भरावा लागतो, तसं हे. या 130 मधला वाटा, वेगळा करार नसेल तर, 55 टक्के मोठ्या केबल कंपनीला आणि 45 टक्के आपल्या गल्लीतल्या केबलवाल्याला. म्हणजे दारात पैसे मागायला येणाऱ्याच्या हातात त्यातले साडेअठ्ठावन्न.

हे भाडं चॅनेल्सच्या संख्येवर फारसं अवलंबून नाही, कारण खर्चही त्या संख्येवर अवलंबून नाही. एकदा वायर टाकली, बॉक्स बसवला, माणूस नेमला की तुमच्या घरात शंभर गेली काय आणि दोनशे गेली काय, कंपनीला फरक नगण्य. ट्रायनेच हे पुढे मान्य केलं. 1 जानेवारी 2020 च्या बदलात त्याच 130 रुपयांत शंभरऐवजी दोनशे चॅनेल्स देणं बंधनकारक झालं आणि दूरदर्शनची सक्तीची चॅनेल्स त्या मोजणीतून बाहेर काढली. ज्या ग्राहकाला चाळीसच हवी होती, त्याला दोनशेची सोय झाली. भाडं होतं तेवढंच.

आता दुसरा भाग, जिथे खरी गंमत आहे. एक एक चॅनेल घेण्याचा हक्क मिळाला खरा, पण पॅक, म्हणजे बुके, बंद झाले नाहीत. चॅनेल चालवणाऱ्या एका कंपनीची पाच चॅनेल्स कल्पून बघा. मालिकांचं 19 रुपयांना, सिनेमांचं 15 ला, बाकीची तीन 8, 6 आणि 2 रुपयांना. सुटी घेतली तर पाचांचे 50. तुम्हाला पहिली दोनच हवीत, त्यांचे होतात 34. पण पाचांच्या पॅकवर 45 टक्के सूट असेल तर अख्खा पॅक साडेसत्तावीस रुपयांना. दोन घ्यायला 34 आणि पाच घ्यायला साडेसत्तावीस! म्हणजे नको असलेली तीन चॅनेल्स फुकटही नाहीत, ती घ्यावीत म्हणून वर साडेसहा रुपये तुमच्या हातावर ठेवले जातात. या परिस्थितीत पॅक नाकारणारा माणूस एक तर तत्त्वाचा पक्का असेल, नाहीतर गणिताचा कच्चा.

पंचेचाळीस टक्के ही आजची मर्यादा आहे. 2019 मध्ये मर्यादाच नव्हती आणि ट्रायने त्याच वर्षी नोंदवलं की कंपन्या सत्तर टक्क्यांपर्यंत सूट देत आहेत. 2020 च्या नियमांत ट्रायने ती साधारण 33 टक्क्यांवर आणायचा प्रयत्न केला, आणि पॅकमध्ये टाकायच्या चॅनेलची कमाल किंमत 19 वरून 12 रुपयांवर आणली. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, जून 2021 मध्ये बहुतेक मुद्द्यांवर हरल्या. मग त्यांनी काय केलं? लोकप्रिय चॅनेल्सच्या किमती बाराच्या वर नेऊन ती पॅकच्या बाहेर काढणारे दर जाहीर केले. म्हणजे ज्या चॅनेलसाठी लोक पॅक घेतात, तेच वेगळं आणि महाग. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रायने माघार घेतली आणि 19 रुपयांची मर्यादा परत आणली. नुकसान कुणाचं झालं हे विचारू नका.

पण कंपन्या एवढी सूट देऊन नको असलेली चॅनेल्स गळ्यात का बांधतात? पहिलं कारण जाहिराती. छोट्या चॅनेलला सुटं कोण घेणार? पॅकमध्ये घुसलं की ते लाखो घरांत पोचतं. त्यांतल्या थोड्यांनी चाळता चाळता पाच मिनिटं बघितलं तरी जाहिरातदारापुढे मांडायला आकडा मिळतो.

दुसरं कारण जरा खोल आहे, आणि ते फक्त लबाडी नाही. दोन गिऱ्हाइकं घ्या. काकूंना मालिकांचं चॅनेल 30 रुपयांच्या मोलाचं वाटतं आणि क्रिकेटचं फार तर 10 च्या. पुतण्याला क्रिकेटचे 40 द्यायला हरकत नाही, मालिकांचे 5. सुटी विकली तर कंपनी मालिकांना 30 आणि क्रिकेटला 40 लावेल, दोघं आपापलं एकेक घेतील, गल्ल्यात 70 येतील. आता दोन्हींचा पॅक 40 ला ठेवा. काकूंच्या लेखी तो 30 अधिक 10, म्हणजे 40 चा. पुतण्याच्या लेखी 45 चा. दोघंही घेतात आणि गल्ल्यात 80 येतात. पुतण्याला तर पाच रुपयांचा फायदाच झाला. आणि मीटर लावून बघितलं तर दोघांच्याही घरी निम्मी चॅनेल्स पडून आहेत. म्हणजे न बघितलेली चॅनेल्स ही फसवणुकीची खूण असेलच असं नाही. वेगवेगळ्या आवडीच्या माणसांना एकच वस्तू विकायची म्हटलं की ती पडून राहणारच.

याच कल्पनेवर ग्रेगरी क्रॉफर्ड आणि अली युरुकोग्लू या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या आकड्यांवर काम केलं, ते 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. सगळी चॅनेल्स सुटी विकायची सक्ती केली तर काय होईल? त्यांचा अंदाज असा, की चॅनेल कंपन्या केबलवाल्यांकडून घेतात तो दर सरासरी दुपटीच्या आसपास जाईल आणि ग्राहकाच्या पदरात मोजण्यासारखं काही पडणार नाही. कारण उघड आहे. पॅकमध्ये असलेल्या चॅनेलचे पैसे ते न बघणारेही भरतात. सुटं केलं की फक्त बघणारे उरतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. मालिका चालवायचा खर्च तर तेवढाच राहतो.

मला विचाराल तर यातला खरा अन्याय वेगळ्याच ठिकाणी आहे. न बघितलेल्या दीडशे चॅनेल्सनी तुमचं बिल फारसं वाढवलेलं नसतं, बघितलेल्या पाच-सहांनी वाढवलेलं असतं. धंद्यात त्यांना ड्रायव्हर चॅनेल म्हणतात. त्यांची ताकद किती, हे फेब्रुवारी 2023 मध्ये दिसलं. नव्या दरांवरून डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांचं काही मोठ्या केबल कंपन्यांशी बिनसलं आणि 18 तारखेपासून त्यांनी आपली चॅनेल्स तोडली. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार साडेचार कोटी घरांवर परिणाम झाला. बॉक्समध्ये बाकीची शेकडो चॅनेल्स सुरळीत चालू होती. पण आठवडाही टिकला नाही हा संप, केबलवाल्यांनी सह्या केल्या. लोकांनी ‘बाकीची बघू’ असं म्हटलं असतं तर दर खाली आले असते. तसं म्हणणार कोण? यादी छोटी असते ती याचमुळे, की त्यातलं एकही नाव सहज बदलता येत नाही.

जुलै 2024 मध्ये ट्रायने एनसीएफवरची 130 रुपयांची मर्यादाही उठवली. आता कंपनी प्रदेशानुसार किंवा ग्राहकाच्या प्रकारानुसार वेगळं भाडं लावू शकते, फक्त ते जाहीर करावं लागतं. दरम्यान गिऱ्हाईकच पातळ होतंय. डीटीएचचे चालू ग्राहक 2020 च्या शेवटी सात कोटींच्या आसपास होते, ते आता सहा कोटींच्या खाली आलेत. काही दूरदर्शनच्या फ्री डिशकडे गेले, जिथे एकदा डिश-बॉक्स घेतला की महिन्याचा खर्च शून्य. काही मोबाईलवर गेले. तिथेही फार वेगळं नाही. ओटीटीच्या ॲपमध्ये हजारो तासांचा माल असतो, आणि आपण तीन मालिका आणि क्रिकेट बघून महिना भरतो.

घरच्या बिलाचं काही करायचंच असेल तर चॅनेल्स मोजत बसू नका. केबल किंवा डीटीएच कंपनीच्या ॲपमध्ये बिलाची फोड उघडा आणि तीन ओळी बघा, एनसीएफ किती, पॅक कोणते, सुटी चॅनेल्स कोणती. बहुतेक घरांत पैसे वाचतात ते दोन ठिकाणी. एक, एचडी. तीच मालिका एचडीत घेतली की जास्त पैसे पडतात, आणि मोजणीत एक एचडी चॅनेल दोन साध्यांएवढं धरलं जातं. जुन्या छोट्या टीव्हीवर तो फरक दिसतही नाही, तरी कित्येक घरांत एकाच चॅनेलच्या दोन्ही आवृत्त्या पॅकमध्ये चालू असतात. दुसरं, खेळाचा पॅक. तो सामन्यांची मालिका संपली की बंद करून पुढच्या वेळी परत घेता येतो. सुटी चॅनेल्स निवडून झाल्यावर त्याच कंपनीच्या पॅकची किंमत शेजारी ठेवून बघा. पॅक स्वस्त निघाला तर बिनदिक्कत घ्या आणि नको असलेली चॅनेल्स रिमोटच्या फेव्हरिट बटणाने नजरेआड करा. ट्रायने जून 2020 मध्ये ग्राहकांसाठी काढलेलं चॅनेल निवडीचं ॲपसुद्धा हाच सल्ला देत होतं. तुम्ही सुटी चॅनेल्स टिकमार्क करायची, आणि त्याहून स्वस्तात बसणारा पॅक ते शोधून दाखवायचं.